बॅगेला वायर लागली की : युरोपला स्मार्ट लगेज पाठवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नाशिकच्या अंबड, सातपूर, सिन्नर भागातल्या बॅगवाल्यांना आम्ही टेस्टिंग आणि कागदपत्रांचं काम करून देतो. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला : "साहेब, सीई सर्टिफिकेट मिळायला किती दिवस?" तर असं सर्टिफिकेट वाटणारी सरकारी खिडकी युरोपात नाही. सीई म्हणजे माल युरोपचे नियम पाळतो अशी उत्पादकाने स्वतःच्या सहीने दिलेली हमी. टेस्ट रिपोर्टची फाइल आम्ही लावून देतो, सही तुमची. माल खरेदीदाराच्या ब्रँडने जात असेल तर कायद्याने उत्पादक तो ठरतो, पण मग तुमची फाइल तो मागणारच.

साधी ट्रॉली बॅग ही बॅगच. पण तिचं एक जरी काम विजेवर चालत असेल, मग ते यूएसबी चार्जिंग असो, ट्रॅकर असो की हँडलमधला वजनकाटा, की ती युरोपीय संघाच्या २०११/६५/ईयू या निर्देशाखाली, म्हणजे विजेच्या वस्तूंतल्या घातक पदार्थांवरच्या आरओएचएस नियमाखाली येते. त्यात दहा पदार्थांवर बंधन आहे : शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियम सहा), ब्रोमिनवाल्या ज्वालारोधकांचे दोन गट आणि २२ जुलै २०१९ पासून चार थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायनं. मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का, कॅडमियमला ०.०१.

इलेक्ट्रॉनिक भाग बॅगेत कायमचा बसवलेला असेल तर चेनच्या पुलरचा रंग आणि चाकाचं रबरसुद्धा तपासणीत येतं. तो भाग काढता येत असेल आणि बॅग व तो भाग वेगवेगळे पूर्ण वापरता येत असतील, तर आरओएचएस फक्त त्या भागाला लागतो. म्हणून डिझाइन पक्कं होण्याआधी आमच्याशी बोला. मोल्ड झाल्यावर बोलून उपयोग नसतो. तशीही चेक-इन बॅगेतली मोठी लिथियम बॅटरी काढता आली नाही तर विमान कंपन्या बॅग घेत नाहीत.

आता चुकणारा हिशेब. "बॅग साडेतीन किलोची, वायर वीस ग्रॅमची, ०.१ टक्का होईलच कसा?" मोजणी बॅगेची नसतेच. वायर कापून बघा : बाहेरचं काळं पीव्हीसी, आतलं रंगीत इन्सुलेशन, तांब्यावरचा कथिलाचा मुलामा, तांबं. प्रत्येक थर वेगळा पास व्हावा लागतो. मऊ पीव्हीसीत प्लास्टिसायझर सहज २०-३० टक्के असतो; तो बंदीतला थॅलेट निघाला तर मर्यादा दोन-तीनशे पटींनी ओलांडली. आणि एक्स-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या एक्सआरएफ गनला थॅलेट दिसतच नाही, त्याला जीसी-एमएस ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते. एका ग्राहकाचं सॅम्पल पास झालं, पण ऑर्डरच्या वेळी वायरवाल्याने न सांगता स्वस्त केबल दिली. हाताला तशीच लागत होती. खोकी बंदरावर जायच्या आधी कळलं, एवढंच नशीब.

वीज असो वा नसो, सगळ्याच भागांना रीच, म्हणजे रसायनांचा युरोपीय कायदा, लागतो. चामड्याच्या पट्टीत क्रोमियम सहा किलोला ३ मिलिग्रॅमच्या आत हवं. घातक म्हणून यादीत असलेला पदार्थ एखाद्या सुट्या भागात ०.१ टक्क्याच्या वर असेल तर खरेदीदाराला कळवावं लागतं. इथेही हिशेब अख्ख्या बॅगेचा नाही, असं युरोपच्या न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलंय.

ब्लूटूथ किंवा जीपीएस असेल तर रेडिओ उपकरणांचा २०१४/५३/ईयू लागू. जीपीएस नुसता सिग्नल घेतो, पाठवत नाही, ही सबब चालत नाही. ट्रॅकर इंटरनेटला जोडलेला असेल तर १ ऑगस्ट २०२५ पासून सायबर सुरक्षाही दाखवावी लागते. बॅटरीचा यूएन ३८.३ रिपोर्ट (लिथियम बॅटरी वाहतुकीत सुरक्षित असल्याच्या चाचणीचा) विक्रेत्याकडून आधीच घ्या, माल आल्यावर तो फोन उचलत नाही. सीई खूण किमान ५ मिलिमीटर उंच हवी. युरोपातल्या जबाबदार व्यक्तीचा पत्ता मालावर किंवा खोक्यावर लागतो. फाइल दहा वर्षं जपायची.

आमच्याकडे येताना सुट्या भागांची पूर्ण यादी, प्रत्येकाच्या विक्रेत्याचं नाव आणि दोन बॅगा आणा. त्यातली एक आम्ही चिरतो, ती परत मिळत नाही.