क्यूओएल-एजीएचडीए प्रश्नावली

ग्रोथ हार्मोनची कमतरता असलेल्या प्रौढांचे जीवनमान मोजणारी २५ विधानांची प्रश्नावली. प्रत्येक विधानापुढे रुग्णाने ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहायचे. प्रत्येक ‘हो’ला एक गुण. गुण जितके जास्त, तितके जगणे जड.

उंची वाढून झाल्यावर हे हार्मोन कशाला हवे, असे कुणालाही वाटेल. पण स्नायू, हाडे, अंगावरची चरबी आणि कामाचा उत्साह यांच्याशी त्याचा संबंध पुढेही राहतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ झाली, तिथे शस्त्रक्रिया झाली किंवा रेडिएशन द्यावे लागले, की ते आटू शकते. आपल्याकडे आणखी एक कारण अजून दिसते, ते म्हणजे शीहान सिंड्रोम. बाळंतपणात फार रक्तस्राव झाल्याने ग्रंथीचा भाग मरतो. अंगावर दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही आणि सततचा थकवा ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणून ती बाई वर्षानुवर्षे अंगावर काढते.

रक्ताच्या तपासणीत हा थकवा दिसत नाही. म्हणूनच या प्रश्नावलीतली विधाने रुग्णांच्या सविस्तर मुलाखतींतून घेतली गेली, आणि तिचे खरे मोल त्यातच आहे. हातातले काम रेटून पुरे करावे लागते, दिवसा झोप अनावर होते, चारचौघांत असूनही एकटे वाटते, अशा धर्तीची ती आहेत. स्मरण व एकाग्रता, थकवा, मनावरचा ताण, एकटेपणा आणि आत्मविश्वास एवढा तिचा आवाका. अशी प्रश्नावली शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. मराठी रुग्ण ‘अंगात त्राण नाही’ म्हणतो, तेव्हा त्याला नुसता थकवा सांगायचा नसतो.

इंग्लंडमध्ये या गुणांवर उपचारच ठरतात. कोणते उपचार सरकारी आरोग्यसेवेत द्यावेत हे सांगणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शनानुसार तीन अटी आहेत: उत्तेजन चाचणीत (औषध देऊन ग्रंथीला हार्मोन सोडायला लावणारी चाचणी) ग्रोथ हार्मोनची सर्वोच्च पातळी लिटरला ९ मिलियुनिटपेक्षा कमी हवी, पिट्युटरीच्या इतर हार्मोनची कमतरता असल्यास तिचे उपचार चालू हवेत आणि प्रश्नावलीत किमान ११ गुण हवेत. नऊ महिन्यांनी पुन्हा मोजणी होते. गुण किमान ७ ने उतरले नाहीत, तर ग्रोथ हार्मोनची इंजेक्शने थांबवायची. रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्याला तपासणीच्या आकड्याइतके वजन मिळाले, ही मोठी गोष्ट आहे. पण १० आणि ११ मधल्या एका ‘हो’वर इतके अवलंबून असावे, हे कठोर वाटते.

लहानपणापासून कमतरता असलेल्यांच्या बाबतीत ही अडचण जास्त जाणवते. मोठेपणी आजार झालेल्यांपेक्षा त्यांचे गुण बरेचदा कमी येतात. मोठेपणी आजारी पडलेल्याला आधीचे धडधाकट दिवस आठवतात, म्हणून तो ‘हो’ लिहितो. यांच्याकडे तुलनेला असे दिवसच नसतात.