बीएमसी : सर्व्हरचा स्वतंत्र देखभाल-प्रोसेसर

बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजे बीएमसी, हा सर्व्हरच्या मदरबोर्डवरच बसवलेला एक छोटा संगणक असतो. त्याचा प्रोसेसर, मेमरी आणि फर्मवेअर (चिपमध्येच भरलेले सॉफ्टवेअर) वेगळे असतात आणि बहुधा लॅन पोर्टही वेगळा असतो. विंडोज किंवा लिनक्स हँग झालेले असो, डिस्क कोरी असो की सर्व्हर बंद असो, बीएमसी जागाच राहतो. पॉवर सप्लायमधून कायम येणाऱ्या स्टँडबाय विजेवर तो चालतो, त्यामुळे केबल सॉकेटला लावली एवढे त्याला पुरते. एचपीईच्या सर्व्हरवर त्याला आयलो म्हणतात, डेलवर आयड्रॅक. सुपरमायक्रो वापरणारे सरसकट 'आयपीएमआय'च म्हणतात. खरे तर ते त्याच्याशी बोलण्याच्या प्रमाणित पद्धतीचे नाव आहे. इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी ही पद्धत १९९८ मध्ये आणली आणि २००४ मध्ये तिची २.० ही आवृत्ती आली.

तापमान, पंख्यांचा वेग, व्होल्टेज यांचे सेन्सर बीएमसीला जोडलेले असतात आणि बिघाडाची नोंद तो स्वतःच्या लॉगमध्ये ठेवतो. पॉवर आणि रीसेट बटणांची कामेही तो करू शकतो. सर्वांत उपयोगी भाग म्हणजे रिमोट कन्सोल. बहुतेक सर्व्हरमध्ये मॉनिटरला जाणारे चित्र तयार करणारा ग्राफिक्स भाग याच चिपमध्ये असतो. म्हणून बायोसच्या (संगणक सुरू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) पहिल्या ओळीपासून सगळे चित्र तो नेटवर्कवर पाठवू शकतो. उलट दिशेने आपला कीबोर्ड-माउस तो सर्व्हरला यूएसबी उपकरण म्हणून दाखवतो. लॅपटॉपवरची आयएसओ फाईल (डिस्कची हुबेहूब प्रत) सर्व्हरला डीव्हीडी ड्राइव्ह म्हणून दिसते आणि त्यावरून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकता येते. रिमोट डेस्कटॉपने हे होत नाही, कारण त्याला आतली सिस्टिम आधी सुरू असावी लागते.

सांगलीसारख्या जिल्ह्यात या सोयीचे मोल मोठ्या डेटा सेंटरपेक्षा जास्तच आहे. साखर कारखाना, पतसंस्था, दूध संघ किंवा मिरजेचे एखादे हॉस्पिटल, सर्व्हर एक किंवा दोन, तेही मागच्या खोलीत. आणि त्यातले कळणारा माणूस दुसऱ्या गावात. त्यात पूर. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे सांगलीकरांना पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ पाण्याखाली होते आणि विश्रामबागेतून पेठेतल्या ऑफिसात चालत जाणेही अशक्य होते. अशा वेळी यूपीएसची बॅटरी संपण्याआधी घरबसल्या सर्व्हर नीट बंद करता येणे ही लहान गोष्ट नाही.

इथे 'नीट बंद' आणि 'पॉवर सायकल' यांत गल्लत होते. पहिल्यात बीएमसी ऑपरेटिंग सिस्टिमला बंद होण्याचा इशारा देतो आणि डेटाबेस आवरून घेतला जातो. दुसऱ्यात वीज थेट तोडून पुन्हा दिली जाते. व्यवहार चालू असलेल्या बँकेच्या सर्व्हरवर हे शेवटचेच हत्यार समजावे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. बीएमसीला वीज लागते, आणि त्याच्यापर्यंत पोचायला नेटवर्कचे स्विच आणि राउटर चालू लागतात. सर्व्हरला यूपीएस आणि स्विच साध्या बोर्डावर, ही जोडणी सर्रास दिसते. लाईट गेली की बीएमसी जागा असूनही हाक पोचत नाही. पुरात सुरक्षेसाठी वीजपुरवठाच बंद केला जातो, तेव्हा जे करायचे ते त्याआधीच्या तासांत. क्वचित बीएमसी स्वतःच हँग होतो. मग आयपीएमआयने त्याला रीसेट करून पाहावे. नाही जमले तर सर्व्हर बंद करून सगळ्या पॉवर केबल काढून परत लावायला माणूस लागतोच.

स्वतंत्रपणाचीच दुसरी बाजू धोक्याची. मुख्य सिस्टिमवरचा अँटिव्हायरस किंवा फायरवॉल बीएमसीवर नजर ठेवू शकत नाही. बीएमसी ज्याच्या हाती लागला त्याच्या हाती सर्व्हर लागला. आयपीएमआय २.० मध्ये लॉगिन पूर्ण होण्याआधीच पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनवलेली सांकेतिक खूण, जिच्यावरून पासवर्ड ताडून पाहता येतो) विचारणाऱ्याला मिळतो. ही खोट त्या प्रमाणित पद्धतीतच असल्यामुळे फर्मवेअर बदलून जात नाही. २०१७ मध्ये आयलो ४ मध्ये तर ओळीने २९ वेळा 'ए' पाठवले की पासवर्डशिवाय आत जाता येते, असे आढळले. ते मात्र नव्या फर्मवेअरने दुरुस्त झाले. त्यामुळे ६२३ हा यूडीपी पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नये, व्हीपीएनमधूनच (इंटरनेटवरच्या खासगी, सुरक्षित जोडणीतूनच) यावे आणि कंपनीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. डीएमटीएफ या प्रमाणके ठरवणाऱ्या संघटनेने २०१५ मध्ये आणलेली रेडफिश ही पद्धत एचटीटीपीएसवर चालते; नव्या सर्व्हरवर तीच वापरून आयपीएमआय बंद ठेवणे उत्तम.

एक बारकावा सुपरमायक्रोचा. बीएमसीच्या खास पोर्टला केबल लावलेली नसेल, तर मूळ सेटिंगमध्ये तो सर्व्हरच्या पहिल्या नेहमीच्या पोर्टवर सरकतो आणि ऑफिसच्या नेटवर्कमधून गुपचूप आयपी पत्ता घेतो. बीएमसी आपण लावलेलाच नाही, असे समजणाऱ्यांकडेही तो चालू असू शकतो. उलट आयलो आणि आयड्रॅकमध्ये पूर्ण रिमोट कन्सोलसाठी सहसा वेगळे लायसन्स लागते. सर्व्हरच्या कोटेशनमध्ये ती ओळ आहे का, हे खरेदीआधी पाहावे.