रीबूटनंतर न टिकणारी नेटवर्क सेटिंग: पार्श्वभूमी

गोव्यात हे दुखणे बहुधा पावसाळ्यात वर येते. वीज जाते, पेडणे-सत्तरीकडच्या एखाद्या कार्यालयात महिनोन्महिने चालू असलेला लिनक्स सर्व्हर बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो तेव्हा कुणीतरी हाताने दिलेला डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, गायब असतो. टर्मिनलवर दिलेली आज्ञा रीबूटपर्यंतच, हे ठाऊकच आहे. पण फाइलमध्ये लिहिलेलेही का पुसले जाते?

पूर्वी नेटवर्कच्या सेटिंगसाठी लिनक्सच्या डेबियन या प्रकाराला ‘इंटरफेसेस’ ही एक फाइल आणि रेड हॅट या प्रकाराला ‘आयएफसीएफजी’च्या फायली पुरत. २००४ मध्ये नेटवर्कमॅनेजर हा जोडण्या आपोआप सांभाळणारा प्रोग्राम आला तो वायफाय बदलत फिरणाऱ्या लॅपटॉपसाठी; जागचे न हलणाऱ्या यंत्रांवरही तो लादला गेला. २०१३ पासून सिस्टमडीने, म्हणजे लिनक्स सुरू करून सेवा चालवणाऱ्या प्रणालीने, नेटवर्क कार्डांची नावे बदलली आणि ‘एथ०’ या जुन्या नावे लिहिलेले निरुपयोगी ठरले.

खरा वाद मात्र डीएनएसचा पत्ता जिच्यात असतो त्या ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’चा. १९८०च्या दशकातल्या बर्कली युनिक्सपासून चालत आलेली ही दोन-तीन ओळींची फाइल, माणसाने लिहावी अशी. पुढे नेटवर्ककडून पत्ते आपोआप मागून घेणारा डीएचसीपी क्लायंट तिच्यात लिहू लागला, मग नेटवर्कमॅनेजर. वैतागलेले लोक ‘चॅटर’ ही आज्ञा वापरून फाइलला कुलूप घालत. ते चालतही असे. उबुंटू या लिनक्सच्या १८.०४ आवृत्तीत तर ती नुसती सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा, आहे. मूळ मजकूर ‘रन’ डिरेक्टरीत, म्हणजे रॅममध्ये, दर बूटला नव्याने तयार होणारा. आत पत्ता फक्त १२७.०.०.५३, म्हणजे त्याच यंत्रावर चालणाऱ्या सिस्टमडीच्या ‘रिझॉल्व्हडी’ या सेवेचा. व्हीपीएन आणि वायफायचे वेगवेगळे डीएनएस सांभाळायला ही सोय बरी, हे मान्य. पण जुने नाव जुन्याच जागी ठेवून मालकी तेवढी बदलायची, ही लपवाछपवी झाली. फाइल उघडता येते, सेव्ह होते, नेटही चालते. फसवणूक कळते ती रीबूटनंतर. डीएनएस आता त्या सेवेच्या ‘रिझॉल्व्हडी डॉट कॉन्फ’मध्ये किंवा त्या-त्या कनेक्शनमध्ये द्यायचा असतो.

उबुंटू १७.१० पासून नेटवर्कची सेटिंग लिहायला नेटप्लॅन हे साधन आहे. त्याची यामल नावाच्या मजकुरी स्वरूपातली फाइल क्लाउड-इनिटने, म्हणजे यंत्राची पहिली मांडणी आपोआप करणाऱ्या प्रोग्रामने, बनवली असेल तर बदल टिकणार नाहीत, अशी सूचना अनेकदा तिच्या माथ्यावरच असते. आधी क्लाउड-इनिटचे नेटवर्कचे काम बंद करावे लागते. बदल तपासायला ‘नेटप्लॅन ट्राय’ ही आज्ञा वापरून १२० सेकंदांत एंटर दाबले नाही, तर जुनी सेटिंग परत येते. रेड हॅटच्या २०२२ च्या नवव्या आवृत्तीत नवी कनेक्शने ‘सिस्टम-कनेक्शन्स’मधल्या की-फायलींत साठतात, आणि तिथली फाइल रूटखेरीज (यंत्राच्या मुख्य प्रशासकाच्या खात्याखेरीज) इतरांना वाचता येत असेल, तर नेटवर्कमॅनेजर ती जमेसच धरत नाही.