एनसीबी गाडीबरोबर का जात नाही? या नियमाची पार्श्वभूमी

जुनी गाडी विकताना हमखास वाद कशावरून होत असेल तर तो एनसीबीवरून, म्हणजे नो क्लेम बोनसवरून, वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीवरून. विकणारा म्हणतो माझी पाच वर्षांची सवलत आहे, ती मी नव्या गाडीला लावणार, घेणारा म्हणतो पॉलिसीवर ५० टक्के छापलेत म्हणजे ते गाडीबरोबर मला मिळायला पाहिजेत, आणि मधला एजंट बरेचदा दोघांनाही हो हो म्हणून मोकळा होतो. नियम बघितला तर विकणारा बरोबर आहे, बोनस विमाधारकाचा असतो, गाडीचा नाही. पण हा नियम कुठल्या काळात लिहिला गेला आणि तेव्हा बाजार कसा होता हे माहीत नसेल तर त्यातल्या अर्ध्या अटी विचित्र वाटतात, म्हणून थोडं मागे जाऊ.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. आपल्याकडे गाडीच्या प्रीमियमचे दोन भाग असतात. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा, जो कायद्याने सक्तीचा आहे, १९३९ च्या मोटर व्हेइकल्स अ‍ॅक्टमधला त्याबद्दलचा भाग १ जुलै १९४६ पासून लागू झाला आणि आता १९८८ च्या कायद्यात कलम १४६ खाली तीच सक्ती आहे. याचा दर सरकारी पातळीवर ठरतो, तुम्ही कितीही सांभाळून चालवा त्यात एक रुपया कमी होत नाही. दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे ओडी, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, हा ऐच्छिक, आणि एनसीबी फक्त यावरच बसतो. म्हणून ५० टक्के एनसीबी असूनही एकूण बिल अर्धं होत नाही आणि लोक दरवर्षी नव्याने चिडतात.

ही सवलत कंपन्या देतात तरी का, तर कारणं दोन. एक म्हणजे छोट्या क्लेमचा खर्च, बंपरवरच्या ओरखड्यासाठीसुद्धा सर्व्हेयर, कागदपत्रं, गॅरेजचं बिल तपासणं हे सगळं करावं लागतं, त्यापेक्षा गिऱ्हाइकाने तो ओरखडा स्वतःच्या पैशाने रंगवून घेतला तर कंपनीला परवडतं. दुसरं म्हणजे ज्याने चार-पाच वर्षांत एकही क्लेम केला नाही तो बहुतेक नीट चालवणारा असतो. आता बघा, पहिलं कारण एकटंच असतं तर बोनस पॉलिसीला चिकटवून ठेवला असता तरी चाललं असतं. पण दुसरं कारण मान्य केलं की बोनस माणसाकडेच जातो, कारण नीट चालवणारा माणूस गाडी बदलली म्हणून वाईट चालवायला लागत नाही, आणि गाडी दुसऱ्याच्या हातात गेली की तिचा जुना स्वच्छ रेकॉर्ड काहीच सांगत नाही.

आता मागचा बाजार. जनरल इन्शुरन्सचं राष्ट्रीयीकरण झालं ते १ जानेवारी १९७३ पासून, शंभराहून जास्त कंपन्या एकत्र करून चार केल्या, नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. त्याच्या आधीच, विमा कायद्यातल्या १९६८ च्या दुरुस्तीने, विम्याचे दर ठरवणाऱ्या टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटीला कायद्याचा आधार मिळाला होता आणि मोटरचे दर, पॉलिसीचा मजकूर, सवलती सगळं टॅरिफमध्ये, म्हणजे सगळ्यांना बंधनकारक असलेल्या दरपत्रकात, छापलेलं असायचं. म्हणजे चारही कंपन्यांचा दर तोच, बोनस तोच, मजकूरही तोच. अशा बाजारात कंपनी बदलायची कशाला? ओळखीचा डेव्हलपमेंट ऑफिसर एकीकडून दुसरीकडे गेला तर लोक त्याच्या मागे जायचे तेवढंच. आणि गाड्या तरी कुठे पटापट बदलल्या जायच्या, नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे दिवस होते ते. त्यामुळे बोनस इकडून तिकडे नेणं हा विषय कागदावर असला तरी रोजच्या आयुष्यात फार कोणाला पडला नव्हता.

२००० साली आयआरडीएने, म्हणजे विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने, खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि चित्र बदललं. नवीन कंपन्या आल्या, त्यांना गिऱ्हाइकं हवी होती, आणि ती जुन्या सरकारी कंपन्यांकडूनच यायची होती. याच सुमारास, १ जुलै २००२ पासून, नवीन इंडिया मोटर टॅरिफ लागू झालं. आज जो तक्ता सगळीकडे दिसतो, एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०, तो यातल्या जनरल रेग्युलेशन २७ चा. त्याच्या आधी वरची पायरी ६५ टक्क्यांपर्यंत जायची. मग आधीच ५५ किंवा ६५ वर पोचलेल्यांचं काय, तर त्यांच्यासाठी खास तरतूद ठेवली, १ जुलै २००२ ते ३० जून २००३ या वर्षात रिन्यूअलला जुन्या हिशोबाने ज्याला ५५ किंवा ६५ बसत होते त्याचे ते पुढेही तसेच राहणार, पहिला क्लेम होईपर्यंत. एकदा क्लेम झाला की शून्य आणि मग नव्या तक्त्याने परत पहिल्या पायरीपासून. अशी ६५ टक्केवाली माणसं नंतर दाराला पोचा आला तरी क्लेम फॉर्मकडे बघत नसणार हे सांगायला नको.

ट्रान्सफरचा सगळा कायदा याच रेग्युलेशन २७ मध्ये आहे आणि तो वाचताना लक्षात येतं की लिहिणाऱ्यांनी बरीच कौटुंबिक आणि ऑफिसची प्रकरणं डोळ्यासमोर ठेवली होती. मूळ वाक्य असं की बोनस मूळ विमाधारकाच्या मागे जाईल, गाडीच्या किंवा पॉलिसीच्या नाही. मग अपवाद आणि अटी. नवी गाडी त्याच वर्गातली पाहिजे, म्हणजे प्रायव्हेट कारचा बोनस प्रायव्हेट कारला, स्कूटरवर कमावलेला कारला लागत नाही. विमाधारक वारला आणि गाडी नवरा-बायको, मुलं किंवा आईवडील यांच्याकडे आली तर बोनसही त्यांच्याकडे येतो. म्हणजे बाबांच्या पश्चात मुलाला मिळतो, पण बाबा हयात असताना गाडी मुलाच्या नावावर केली तर नाही, यावर लोकांचा विश्वास बसत नाही पण नियम असाच आहे. कंपनीच्या नावावरची गाडी एकाच कर्मचाऱ्याला दिलेली असेल आणि पुढे ती त्यानेच विकत घेतली तर ऑफिसचं पत्र दाखवून त्या काळात जमलेला बोनस त्याला मिळू शकतो. परदेशात कमावलेला बोनससुद्धा चालतो, पुरावा असेल आणि तिथली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे पॉलिसी घेतली तर.

कंपनी बदलण्याबद्दलचा भाग तर अजून मजेदार आहे. जुन्या कंपनीची रिन्यूअल नोटीस किंवा बोनसचं पत्र दाखवा, नवी कंपनी तेवढाच बोनस देऊ शकते. पत्र नसेल तर गिऱ्हाइकाने लिहून द्यायचं की मी सांगतोय तो दर बरोबर आहे, चालू पॉलिसीत क्लेम झालेला नाही, आणि हे खोटं निघालं तर सेक्शन एकचे, म्हणजे ओन डॅमेजचे, सगळे फायदे जप्त. पण एवढ्यावर सोडलेलं नाही. नव्या कंपनीने कव्हर दिल्यापासून २१ दिवसांत जुन्या कंपनीच्या ऑफिसला पोचपावतीच्या टपालाने पत्र पाठवून खात्री मागायची आणि जुन्या कंपनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, दोघांपैकी जो चुकेल त्याच्याकडून टॅरिफचा भंग झाला असं धरायचं. पोस्टमनच्या भरवशावरची ही व्यवस्था सगळ्यांचे दर सारखे असलेल्या बाजारात ठीक होती, कारण खोटं बोलून कंपनी बदलायची घाई कोणाला नव्हती.

मग १ जानेवारी २००७ आला आणि ओन डॅमेजचे दर मोकळे झाले. थर्ड पार्टीचे दर सरकारी पातळीवर ठरत राहिले, पण ओडीवर ज्याची त्याची किंमत. आता दर रिन्यूअलला तीन कोटेशन मागवायची आणि स्वस्त असेल तिकडे जायचं हा शहाणपणा झाला. दर मोकळे झाले तरी एनसीबीचा तक्ता आणि बोनस माणसाबरोबर जातो हा नियम तसाच राहिला. टॅरिफने बोनस हलवायची सोय करून ठेवली होती, तिचा खरा उपयोग टॅरिफचे दर गेल्यावरच सुरू झाला. बोनस हलत नसता तर ५० टक्क्यांवर बसलेला गिऱ्हाईक जुन्या कंपनीला कायमचा बांधला गेला असता आणि या खुल्या स्पर्धेला फारसा अर्थ उरला नसता, हे माझं मत.

पण त्याबरोबर खोटेपणाही वाढला. ऑनलाइन रिन्यूअल आल्यावर ते लिहून द्यायचं डिक्लेरेशन एका टिकवर आलं, गेल्या वर्षी क्लेम केला होता का, नाही, बोनस किती, ५०, पुढे चला. कधी गिऱ्हाईक मुद्दाम खोटं सांगतो, कधी त्याला माहीतच नसतं की वर्कशॉपने काचेचं काम क्लेममध्ये टाकलंय, कधी एजंट कोटेशन कमी दिसावं म्हणून स्वतःच आकडा भरतो. अपघात झाला की मग नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते, आणि नेमका तेव्हाच क्लेम अडकतो. ग्राहक आयोगांपुढे अशी बरीच प्रकरणं गेलीत आणि निकाल दोन्ही बाजूंनी लागलेत, कुठे खोटी माहिती दिली म्हणून क्लेम पूर्ण गेला, तर कुठे कंपनीनेही वेळेत खात्री केली नव्हती हे धरून रक्कम कापून का होईना पैसे द्यायला लावले. त्या २१ दिवसांच्या पत्राचा मुद्दा गिऱ्हाइकाच्या बाजूने असा वीस वर्षं जुन्या कागदातून वर येतो. आता २००९ मध्ये सुरू झालेल्या इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे कंपन्यांचा पॉलिसी आणि क्लेमचा डेटा जमा होतो, त्यामुळे लपून राहील या भ्रमात राहू नये.

गाडी घेणाऱ्याची बाजूही बघू. १९८८ च्या कायद्याचं कलम १५७ म्हणतं की गाडी विकली की इन्शुरन्स आपोआप नव्या मालकाच्या नावे झाला असं धरायचं. हे वाचून लोक निर्धास्त होतात. पण १९९५ मध्ये कम्प्लीट इन्शुलेशन्स प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हे धरून चालणं फक्त थर्ड पार्टीपुरतं आहे, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला लागू नाही. ओडी नावावर करायचा तर १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज, नवा प्रपोजल फॉर्म, विक्रीचा पुरावा हे सगळं, आणि टॅरिफप्रमाणे त्यासाठी फी होती ५० रुपये. पण खरा चटका पुढे आहे, पॉलिसीवर छापलेला बोनस घेणाऱ्याचा स्वतःचा नसेल तर तेवढा फरक भरल्याशिवाय नाव बदलत नाही, यालाच एनसीबी रिकव्हरी म्हणतात. गाडीच्या किमतीत इन्शुरन्स फुकट मिळाला म्हणून खुश असलेल्या माणसाला हे बिल आलं की तो विकणाऱ्याला शिव्या घालतो, पण विकणाऱ्याने काही पळवलेलं नसतं, तो स्वतःचंच घेऊन गेलेला असतो.

२०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर १ सप्टेंबरपासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागायला लागला, वर्षभराने फक्त ओडीची वेगळी पॉलिसी मिळायला लागली, आणि ओडीसकट तीन-पाच वर्षांची पॅकेजं १ ऑगस्ट २०२० पासून बंद झाली. त्यामुळे आता थर्ड पार्टी एका कंपनीचा आणि ओडी दुसरीचा असं सर्रास दिसतं. एनसीबीच्या बाबतीत बघायचं ते ओडीवाल्या कंपनीकडे, पत्रही तिच्याकडूनच घ्यायचं.

त्या पत्राला कोणी एनसीबी सर्टिफिकेट म्हणतं, कोणी रिझर्व्हिंग लेटर, कोणी रिटेन्शन लेटर, चीज एकच. गाडी विकल्यावर जुन्या पॉलिसीची कॉपी, आरटीओत मालकी बदलायला लागणाऱ्या फॉर्म २९ आणि ३० ची कॉपी, डिलिव्हरी नोट किंवा नव्या मालकाच्या नावाची आरसी असं काहीतरी देऊन ते मिळतं, कंपनीगणिक कागद थोडे इकडेतिकडे. ते तीन वर्षं चालतं. इथे लोक ९० दिवसांच्या नियमाशी गल्लत करतात. ९० दिवस हे त्याच गाडीची पॉलिसी रिन्यू करायला विसरलात तर, त्यानंतर बोनस शून्य. तीन वर्षं ही गाडी विकून लगेच दुसरी घेतली नाही किंवा गाडी वापरातून काढून ठेवली असेल तर. आणि टक्का हलतो, रुपये नाही, त्यामुळे समजा जुन्या गाडीचा ओडी ५,००० होता तर ५० टक्क्यांत २,५०० वाचत होते, नव्या गाडीचा ओडी १६,००० असेल तर त्याच पत्रावर ८,००० वाचतात. शोरूममध्ये मात्र डीलर आपल्याच टाय-अपवाल्या कंपनीची पॉलिसी पुढे करतो आणि पत्राचं स्वतःहून विचारेलच असं नाही, त्यामुळे कोटेशन बनायच्या आधीच पत्र टेबलावर ठेवलेलं बरं, नंतर एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत दुरुस्ती, करून रिफंड मागत बसण्यापेक्षा.

अजून एक भांडण नेहमीचं, गाडी वर्षाच्या मध्येच विकली तर. ३५ टक्क्यांवर रिन्यू केली, आठ महिने क्लेम नाही, मग पत्रावर ४५ का नाही? कारण पुढची पायरी पूर्ण १२ महिने भरल्यावरच मिळते, आठ महिन्यांचं काही जमा धरत नाहीत, पत्र ३५ चंच निघतं आणि नव्या गाडीवर ते वर्ष परत पहिल्यापासून मोजायला लागतं.