फेल्ट केलेली क्रोशे पिशवी

शुद्ध लोकरीच्या धाग्याने क्रोशाच्या सुईवर मुद्दाम सैल आणि मोठ्या मापाची विणायची, मग गरम साबणपाण्यात घुसळून आटवायची, अशा रीतीने तयार होणारी जाड व दाट पोताची पिशवी. आटल्यावर टाके एकमेकांत मिसळून जातात, कापड उजेडासमोर धरले तरी भोके दिसत नाहीत आणि कात्रीने कापले तरी काठ उसवत नाही. पिंजलेल्या मोकळ्या लोकरीचे थर रचून केलेला नमदा आणि आधी विणून मग आटवलेले कापड या तांत्रिक दृष्ट्या वेगळ्या वस्तू आहेत. हस्तकलेच्या व्यवहारात मात्र दोन्हींना फेल्टच म्हणतात आणि या नोंदीतही तो शब्द त्याच सैल अर्थाने घेतला आहे.

इतिहास : या पिशवीत दोन वेगळ्या कला एकत्र येतात आणि त्यांच्या वयात मोठी तफावत आहे. फेल्ट फार जुने आहे. दक्षिण सायबेरियाच्या आल्ताई पर्वतातील पाझिरिक येथील गोठलेल्या थडग्यांत फेल्टची भिंतपडदी, खोगिरे आणि चोंदलेले हंस सापडले. १९२९ पासून तेथे उत्खनने झाली. उत्खननकर्ते रुदेन्को यांनी ही थडगी इ. स. पू. पाचव्या शतकापर्यंत मागे नेली होती. झाडांची वर्तुळे आणि किरणोत्सारी कार्बन यांवर आधारलेले नंतरचे कालमापन त्यांना इ. स. पू. चौथ्या-तिसऱ्या शतकाच्या आसपास आणते आणि ते अधिक ग्राह्य वाटते. विणलेले वा मागावरचे लोकरी कापड आटवण्याची प्रथाही प्राचीन आहे. रोमन काळात पाँपेईमध्ये त्यासाठी खास कार्यशाळा होत्या. इंग्लंडमध्ये कापड आटवणाऱ्या, पाण्यावर चालणाऱ्या गिरणीचा एक आरंभीचा उल्लेख ११८५ सालचा आहे.

क्रोशाचा उगम मात्र वादाचा विषय आहे. लोकप्रिय पुस्तकांत तीन मते पुन्हा पुन्हा आढळतात : अरबस्तानातून व्यापारी मार्गाने ते युरोपात आले, दक्षिण अमेरिकेतील आदिवासींच्या अलंकारांत त्याचे मूळ आहे, किंवा चीनमधील विणलेल्या बाहुल्यांपासून ते सुरू झाले. डॅनिश अभ्यासक लिस पालुदान यांनी युरोपातील पुरावे तपासले, तेव्हा १८०० पूर्वीच्या क्रोशाचा भक्कम दाखला त्यांना मिळाला नाही आणि वरील तिन्ही मतांना आधार सापडला नाही. इजिप्तमधील कॉप्टिक (तेथील प्राचीन ख्रिस्ती समाजाचे) मोजे काही ठिकाणी प्राचीन क्रोशे म्हणून दाखवले जातात. ते प्रत्यक्षात एका नेढ्याच्या सुईने, तुटक धाग्यांवर केलेल्या नोलबाइंडिंग या निराळ्या पद्धतीचे आहेत. दोन्हींचे विणलेले कापड वरवर सारखे दिसते, पण क्रोशात धागा अखंड असतो आणि ओढला की सुटतो. नोलबाइंडिंगमध्ये प्रत्येक टाक्यातून धाग्याचे टोक ओवून घ्यावे लागते. संग्रहालयातील वस्तू ओळखताना हा फरक निर्णायक ठरतो.

या तिन्हींहून वेगळे एक मत क्रोशाला टांबूर भरतकामाशी जोडते. चौकटीवर ताणलेल्या कापडातून आकडीने साखळी टाके काढण्याची ही पद्धत अठराव्या शतकात युरोपात पसरली. ती पूर्वेकडून, बहुधा भारतातील आरीकामाच्या धर्तीवर, तेथे गेली असावी. कच्छच्या मोची भरतकामात ही आरी आजही दिसते. खालचे कापड काढून टाकले की उरते ते क्रोशे, असा या मताचा युक्तिवाद. सुती व रेशमी जाळीदार कामाचा उगम यातून नीट उलगडतो. लोकरी कामाबाबत मात्र हे मत अपुरे पडते, कारण उत्तर युरोपात मेंढपाळी विणकाम म्हणून ओळखली जाणारी आणखी एक रीत होती : बोथट चपट्या आकडीने, केवळ स्लिप स्टिच (क्रोशाचा सर्वांत आखूड, सपाट टाका) घालून केलेले जाड लोकरी काम. स्कॉटलंडच्या एलिझाबेथ ग्रँट यांच्या १८९८ मध्ये छापलेल्या आठवणींत १८१२ च्या संदर्भात त्याचा उल्लेख येतो. स्वीडनमध्ये अशा पद्धतीचे हातमोजे विणून आटवले जात. आजच्या फेल्ट पिशवीचा खरा पूर्वज लेसकामात न शोधता येथेच शोधणे सयुक्तिक होय.

छापील दाखला याहून पुढचा आहे. डच नियतकालिक ‘पेनेलोपे’ने १८२३ मध्ये क्रोशाच्या सर्वांत जुन्या ज्ञात सूचना प्रसिद्ध केल्या. त्यासोबतच्या रंगीत चित्रात पाच बटवे आहेत आणि त्यांतील तीन क्रोशाने करायचे आहेत. धागा रेशमाचा आहे, म्हणजे आटवण्याचा प्रश्न नाही. तरी क्रोशाच्या छापील इतिहासाचा आरंभ पिशवीपासूनच होतो, हे लक्षणीय आहे. कपडे धुण्याच्या घरगुती यंत्रात आटवलेल्या पिशव्यांचा प्रसार बराच अलीकडचा आहे आणि तो मुख्यतः उत्तर अमेरिका व स्कँडिनेव्हियात झाला.

लोकर का आटते : लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. मंगलोरी कौले एकावर एक चढवावीत तसे ते मुळाकडून टोकाकडे रचलेले असतात. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने अडतो. पाण्याने तंतू फुगतात, साबणाने निसरडे होतात आणि घुसळण्याने प्रत्येक हालचालीत मुळाकडे थोडे सरकत आपापसांत गुंततात. मागे फिरण्याची वाट बंद असते. खवल्यांशी फेल्टचा संबंध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्पार मोंज यांनी १७९० मध्ये, टोपीकारांच्या कामाच्या संदर्भात, मांडला होता. दिशेनुसार बदलणाऱ्या घर्षणाचे मोजमाप विसाव्या शतकात झाले. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात बुचकळल्याने लोकर आटते ही समजूत हौशी विणकरांत पक्की आहे. तापमानाचा धक्का काही प्रमाणात उपयोगी पडत असेलही, पण मुख्य काम घुसळण्याचे आहे. स्थिर गरम पाण्यात भिजत ठेवलेली लोकर जवळजवळ आटत नाही.

म्हणूनच धाग्याची निवड सर्वांत महत्त्वाची. ‘सुपरवॉश’ लोकरीचे खवले क्लोरीनने बोथट करून त्यांवर पॉलिमरचा थर दिलेला असतो. ती आटत नाही. सूत आणि ॲक्रिलिकही आटत नाहीत. आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारा रंगीत धागा बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतो, त्यामुळे पिशवी विणण्यापूर्वी तुकडा जाळून पाहावा. लोकरीला जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. दख्खनी मेंढीची लोकर भरड व केसाळ असल्याने मेरिनोइतकी मऊ आटत नाही, पण पिंजाऱ्यांची जेन (लोकर आटवून केलेले जाड अंथरूण) पाहिली की ती आटत नाही असे कोणी म्हणणार नाही.

विणणे व आटवणे : मध्यम पिशवीला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम धागा लागतो. सुई नेहमीपेक्षा दीड ते अडीच मिमी जाड घेतात, म्हणजे एरवी ४ मिमीची सुई लागणाऱ्या धाग्याला ६ किंवा ६.५ मिमीची, कारण तंतूंना सरकायला जागा हवी. तळ लंबगोल करतात : तीसेक साखळ्यांच्या एका बाजूने मुके खांब (इंग्रजीत सिंगल क्रोशे), टोकाच्या साखळीत तीन, मग दुसऱ्या बाजूने परत. पुढच्या प्रत्येक फेऱ्यात दोन्ही टोकांना मिळून सहा टाके वाढवतात. वाढवणे थांबवले की भिंती आपोआप उभ्या राहतात. फेरे गोलाकार अखंड चालवल्यास बाजूची शिवण टळते. क्रोशाचे कापड दोन सुयांवरच्या विणकामापेक्षा जाड असल्याने ते कमी आटते, पण अधिक ताठ होते आणि पिशवीला हेच हवे असते. आटण्याचे प्रमाण धाग्यागणिक बदलते. ढोबळमानाने २० ते ४० टक्के, उंचीत आणि रुंदीत निरनिराळे. १५ सेंमीचा चौकोनी नमुना विणून, मोजून, आटवून, पुन्हा मोजल्याशिवाय मापे ठरवू नयेत.

आटवण्यापूर्वी तोंडाचा काठ सुती दोऱ्याने सैल धावदोऱ्यात बांधतात, नाहीतर तो झालरीसारखा पसरतो. पिशवी उशीच्या अभ्र्यात घालून जुन्या जीन्सबरोबर यंत्रात ६० अंशांच्या पाण्यात फिरवतात. अभ्रा नसेल तर सुटलेला लोकरी भुगा पंपात अडकतो. वरून उघडणारे यंत्र सोयीचे, कारण दर पाच मिनिटांनी काढून पाहता येते. जास्त आटलेली पिशवी पुन्हा मोठी होत नाही. जोरात पिळल्यास पडलेल्या घड्या सहसा कायमच्या राहतात, म्हणून शेवटचे पाणी टॉवेलमध्ये गुंडाळून काढतात.

जोडणी : ओली पिशवी हवा त्या मापाच्या खोक्यावर चढवून हाताने ताणतात आणि सावलीत वाळवतात, पावसाळी हवेत याला चार दिवसही लागतात. पट्टा वेगळा विणून आटवल्यास आडव्यापेक्षा उभ्या ओळींचा घ्यावा, तो कमी ताणला जातो. पट्टा वा चामड्याचे कान मेण लावलेल्या दोऱ्याने बखिया घालून, आतून फेल्टचाच चौकोनी तुकडा देऊन शिवतात. अस्तर सुती, पिशवीपेक्षा किंचित लहान, तोंडाशी तुरपून बसवतात. चुंबकी बटण असल्यास ते अस्तर शिवण्याआधी लावावे. तळाला प्लॅस्टिकची पातळ पाटी घातली की पिशवी उभी राहते.

वापरात ही पिशवी पुन्हा गरम पाण्यात धुतली तर आणखी आटते; डाग थंड पाण्याने टिपून काढावेत. लोकर असल्याने कसर लागते, त्यामुळे पावसाळ्यानंतर उन्हात झटकून, कडुनिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्यांसह ठेवतात.