कोल्हापुरी गूळ : घडण आणि स्फटिकरचना

गूळ म्हणजे उसाचा रस उघड्या काहिलीत (रुंद, उथळ कढईत) मळी, म्हणजे वर तरंगणारा गाळ, काढत आटवून आणि पाक निवताना घोटून केलेला घट्ट गोड पदार्थ. कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा व तिला मिळणाऱ्या भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्यांच्या काठची गुऱ्हाळघरे दिवाळीच्या आगेमागे पेटतात. शाहूपुरी ही गुळाची पेठ छ. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १८९५ च्या सुमारास वसली. या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साखर कारखान्यात यंत्रावर फिरवून स्फटिकांपासून काकवीसारखा दाट पाक वेगळा करतात. गुळात तो ढेपेतच राहतो. त्यामुळे ढेपेत सूक्ष्म स्फटिक आणि त्यांना वेढणारा पाक एकत्र नांदतात. गुळाच्या बहुतेक गुणदोषांचे मूळ या दोहोंच्या प्रमाणात शोधावे लागते. साधारणपणे सुक्रोज ६५ ते ८५ टक्के, ग्लुकोज व फ्रुक्टोज मिळून ५ ते १५ टक्के आणि पाणी ३ ते १० टक्के असते.

प्राचीनत्वाविषयी निश्चित काळ सांगता येत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी पदार्थांची मालिका आहे. ग्रंथाचा काळ पूर्वी इ. स. पू. चौथे शतक मानीत. अलीकडचे अभ्यासक तो इ. स. पू. पहिले ते इ. स. तिसरे शतक या दरम्यान धरतात आणि हा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. मत्स्यंडिकेचे नेमके रूप वादग्रस्त असले, तरी पातळ पाकापासून मोकळ्या स्फटिकापर्यंतच्या पायऱ्या त्या काळी ओळखल्या गेल्या होत्या, एवढे या मालिकेवरून मानता येते.

सुक्रोजच्या रेणूत ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे एकेक वलय ऑक्सिजनच्या पुलाने जोडलेले असते आणि आठ हायड्रॉक्सिल गट असतात. पाण्यात हे गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंध करतात. म्हणून २०° से. ला १०० ग्रॅ. पाण्यात सुमारे २०० ग्रॅ. आणि १००° से. ला सुमारे ४८७ ग्रॅ. सुक्रोज विरघळते. पाणी कमी झाले की रेणू एकमेकांशी बंध जोडून एकनताक्ष (एक अक्ष कललेल्या) स्फटिकात रचले जातात. १९६३ मध्ये न्यूट्रॉन विवर्तनाने, म्हणजे न्यूट्रॉनांचा झोत स्फटिकातून कसा विखुरतो ते पाहून, या स्फटिकातील हायड्रोजन अणूंच्या जागा निश्चित झाल्या; रेणूच्या आतच दोन हायड्रोजन बंध असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांनाही हायड्रॉक्सिल गट आहेत, पण त्यांचा आकार या जाळीत बसत नाही. ते पाकात राहून त्याचा चिकटपणा वाढवतात आणि स्फटिकाची वाढ मंदावतात.

आदण (काहिलीतला एका वेळचा रस) उतरेपर्यंतची कृती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ताज्या रसाचे पीएच मूल्य (आम्लतेचे माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) ५.२ ते ५.४ असते. अशा आम्ल रसात उष्णतेने सुक्रोजचा पूल तुटतो. एक पाण्याचा रेणू जोडला जाऊन १०० ग्रॅ. सुक्रोजपासून सुमारे १०५ ग्रॅ. ग्लुकोज-फ्रुक्टोज मिश्रण होते. चुन्याची निवळी घालून पीएच मूल्य ६ च्या थोडे वर आणतात. चुन्यातील कॅल्शियम रसातील फॉस्फेटशी संयोग पावून जे पुंजके बनवते, त्यांना प्रथिने, मेणे आणि बारीक कण चिकटतात. रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडाचा बुळबुळीत रस हे पुंजके एकत्र बांधतो. उकळी फुटण्याआधी मळी वर येते. ती त्याच वेळी काढावी, कारण जोरदार उकळीत पुंजके फुटून पुन्हा रसात मिसळतात. चुना कमी पडला तर गूळ मऊ होतो. जास्त पडला तर ग्लुकोज-फ्रुक्टोज अल्कधर्मी रसात विघटित होऊन गूळ काळपट होतो.

काकवीसाठी पाक १०५ ते १०६° से. ला आणि ढेपेच्या गुळासाठी ११६ ते ११८° से. ला उतरवतात; हे आकडे समुद्रसपाटीच्या हिशेबाचे आहेत. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंच असल्याने पाणी तेथे ९८° से. च्या आसपासच उकळते. म्हणून तापमापी वापरणाऱ्याने आधी त्याच जागी पाण्याचा उत्कलनबिंदू पाहावा आणि त्यावर १६ ते १८ अंश मोजावेत. समुद्रसपाटीच्या हिशेबाने घेतलेला आकडा जसाच्या तसा धरल्यास पाक जास्त आटतो. गुळव्या (गूळ करणारा कारागीर) थंड पाण्यात पाकाची गोळी करून पाहतो, आणि त्या परीक्षेत ही उंची आपोआप हिशेबात येते. ११८° से. ला उकळणाऱ्या शुद्ध साखरेच्या पाकात पाणी जेमतेम १३ टक्के, म्हणजे पाण्याच्या साडेसहा पट साखर असते. ७०° से. ला पाणी स्वतःच्या साधारण सव्वातीन पटच साखर धरून ठेवू शकते. वाफ्यात (पाक ओतायच्या उथळ हौदात) निवताना पाक असा अतिसंपृक्त होतो, म्हणजे मावेल त्याहून जास्त साखर त्यात राहते. घोटण्याने स्फटिकबीजे सर्वत्र एकदम सुरू होतात व दाणा बारीक राहतो. न घोटलेला पाक निवून इतका दाट होतो की रेणूंना जाळीत जागा घ्यायला वावच उरत नाही, आणि चिवट गोळा बनतो.

जुन्या लेखनात गूळ अस्फटिकी (रेणूंची ठरावीक रचना नसलेला) म्हटलेला आढळतो. क्ष-किरण विवर्तनात मात्र सुक्रोजच्या स्फटिकांची तीक्ष्ण शिखरे दिसतात, त्यामुळे ते वर्णन फक्त मधल्या पाकालाच लागू पडते. कोरडे अस्फटिकी सुक्रोज ६० ते ७०° से. च्या खाली काचेसारखे ताठ असते. कोरड्या ग्लुकोजला ही मर्यादा सुमारे ३१° से. आणि फ्रुक्टोजला ५° से. च्या आसपास आहे; पाण्याने ती आणखी खाली जाते. म्हणून गुळातील पाक खोलीच्या तापमानाला सहसा गोठलेला नसतो, हळू वाहू शकतो. पावसाळ्यात ढेप पाझरते ती याच कारणाने: दमट हवेतले पाणी फ्रुक्टोजयुक्त पाक शोषतो, पातळ होतो आणि लगतचे स्फटिक विरघळवतो.

रंगाबाबत मतभेद आहेत. केवळ साखर करपण्याला काही जण श्रेय देतात. परंतु काहिलीच्या तापमानाला अमिनो अम्ले व ग्लुकोज-फ्रुक्टोज यांची विक्रिया आणि उसातील फिनॉलिक द्रव्ये यांचा वाटा मोठा असावा. सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे गुऱ्हाळावरचा ‘हायड्रॉस’, रंगद्रव्यांचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट विक्रिया) करून गूळ पिवळा दाखवतो. हवेने त्यांचे पुन्हा ऑक्सिडीकरण झाले की साठवणीत गूळ पुन्हा काळपटतो. गंधकाचा अंश गुळात मागे राहतो तो वेगळाच, आणि तो खाणाऱ्याच्या पोटात जातो.

तोडल्यावर पडून राहिलेल्या उसात पूल तुटण्याचे काम उसातील इन्व्हर्टेज हे विकर (एन्झाइम) करते. त्याच वेळी ल्युकोनोस्टॉक जीवाणू डेक्स्ट्रान हा लांब साखळीचा पदार्थ बनवतात. तो स्फटिकाच्या ठरावीक पृष्ठांना चिकटून तेथील वाढ अडवतो. स्फटिक सुईसारखे लांबट होतात व रस बुळबुळीत होतो. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळावा. शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनींसारख्या रानातल्या उसात क्लोराइड व पोटॅशियम अधिक येतात. त्यांच्या आयनांमुळे (विद्युतभारित कणांमुळे) बरेच सुक्रोज पाकातच अडकते, गूळ खारट लागतो आणि लवकर ओला होतो. हा दोष चुना किंवा भेंडीने जात नाही, कारण हे आयन मळीबरोबर वर येत नाहीत.