राजकोषीय तूट व सरकारी कर्ज

सरकारच्या वर्षभराच्या एकूण खर्चातून महसुली जमा आणि कर्जेतर भांडवली जमा (दिलेल्या कर्जांची वसुली, निर्गुंतवणूक) वजा केल्यावर उरणारी रक्कम म्हणजे राजकोषीय तूट. तूट एका वर्षाची असते. कर्ज ही साचत आलेली बाकी. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पी अंदाजात खर्च ५०.६५ लाख कोटी रु. आणि कर्जाखेरीजची जमा ३४.९६ लाख कोटी रु. होती, तूट १५.६९ लाख कोटी रु., म्हणजे स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.४ टक्के. तीतून व्याजाचे १२.७६ लाख कोटी वगळले की प्राथमिक तूट २.९३ लाख कोटी राहते. नवे कर्ज बव्हंशी जुन्याच्या व्याजात जाते, ते असे.

जुन्या मराठी ग्रंथांतील ‘अर्थसंकल्पी तूट’ निराळी. ती मुख्यतः रिझर्व्ह बँकेला तदर्थ कोषागार विपत्रे (गरजेप्रमाणे काढलेली अल्पमुदतीची सरकारी कर्जपत्रे) देऊन भरून काढली जाई. ‘तुटीचा अर्थभरणा’ म्हणजे नोटा छापणे, हे समीकरण तेथून रूढ झाले. एप्रिल १९९७ पासून ती विपत्रे बंद होऊन मर्यादित मुदतीचे अर्थोपाय अग्रिम (रिझर्व्ह बँकेची तात्पुरती उचल) आले. त्यामुळे त्याआधीचे तुटीचे आकडे पुढच्या आकड्यांशेजारी तसेच मांडू नयेत.

राजकोषीय तूट उत्पादनाच्या तीन टक्क्यांत ठेवण्याच्या मर्यादेचा उगम वादग्रस्त आहे. २००३ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याखालील २००४ च्या नियमांत ती आली. केंद्र-राज्यांतील महसूलवाटप सुचवणाऱ्या बाराव्या वित्त आयोगाने तिला बचतीचा आधार दिला: कुटुंबांची हस्तांतरणीय (इतरांना कर्जाऊ देता येणारी) बचत उत्पादनाच्या १० टक्के व परकीय भर १.५ टक्के धरून त्यांतील ६ टक्के सरकारांना, म्हणजे केंद्र व राज्यांना निम्मे-निम्मे. मात्र हा आकडा युरोपात आधीच रुळला होता. फ्रान्सच्या अर्थखात्यातील गी अबेय यांनी १९८१ च्या सुमारास तो जवळजवळ हाताला येईल तसा ठरवल्याचे पुढे सांगितले. युरोपीय संघाच्या १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात तो ६० टक्के कर्जमर्यादेसह आला. अर्थतज्ज्ञ डोमार (१९४४) यांच्या सूत्राने कर्ज उत्पादनाच्या किती टक्क्यांवर स्थिरावेल ते तूट भागिले वाढीचा दर यावरून कळते; ३ भागिले ०.०५ हे उत्तर ६० येते. चालू किमतींनी वाढ १० टक्के असेल तर तीच तूट कर्ज ३० टक्क्यांवर थांबवते. आकडा आधी आणि समर्थन मागाहून, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कर्ज देणारे दूरचे नसतात. वैधानिक रोखता प्रमाणासाठी (ठेवींचा ठरावीक हिस्सा सुरक्षित मालमत्तेत ठेवण्याच्या नियमासाठी) सहकारी बँकांना सरकारी रोखे बाळगावे लागतात. कोल्हापुरातील नागरी बँकेचा ठेवीदार याच वाटेने सरकारचा सावकार ठरतो. पोस्टातील अल्पबचतीचेही तसेच.

राज्याला संविधानाचा अनुच्छेद २९३ लागू असून केंद्राचे देणे बाकी असेल तर नव्या कर्जास केंद्राची संमती लागते. महाराष्ट्राचा स्वतंत्र उत्तरदायित्व कायदा २००५ चा. तुटीत न दिसणारी देणी मात्र येथेच अधिक. सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जांना शासनाने दिलेली थकहमी, कारखाना फेडतो तोवर, कर्जात धरली जात नाही. बँकेने हमी वठवली की ती थेट खर्चात उतरते. कोल्हापूर शहरातील सुमारे ४९ किमी रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर, म्हणजे खाजगी कंपनीने बांधून टोलमधून खर्च वसूल करायचा अशा रीतीने झाले, म्हणून ते कर्ज दिसले नाही; २०१५ च्या अखेरीस टोल रद्द करण्याचा निर्णय झाल्यावर भरपाईचा बोजा शासनाकडे आला. हिशेब रोखीचा असल्याने ३१ मार्चपर्यंत कोषागारातून न निघालेली ठेकेदारांची देयकेही त्या वर्षीची तूट तेवढीच कमी दाखवतात.